काळ्या ग्रॅनाइटची उजवी बाजू

व्हुकाशिनचा दगड स्मशानभूमीत उभा राहून वर्ष होत आलं होतं, आणि व्हुकाशिन स्वतः ठणठणीत होता. सर्बियातल्या ग्राबोवाच या गावात यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आपल्या मागे पोरं कसला दगड लावतील, त्यावर कुठला फोटो कोरतील, याचा काय भरवसा? म्हणून शहाणी माणसं आपला दगड आपल्या देखत उभा करतात आणि अधूनमधून जाऊन पुसून येतात.

व्हुकाशिननं काळा ग्रॅनाइट घेतला होता. डाव्या बाजूला तो स्वतः, कस्टम्सच्या गणवेशात, टोपीसकट. नोकरीभर डॅन्यूब नदीवरच्या सीमेच्या नाक्यावर तो जसा उभा राहिला, तसाच. तिहोमिर मिस्त्रीनं चेहरा इतका हुबेहूब कोरला होता की शेजारच्या थडग्याकडे जाणारी माणसं तिथून जाताना नकळत पिशव्या सावरायची.

उजवी बाजू कोरी होती. तिथे त्याची बायको डेसांका यायची होती. तिचा फोटोच मिळत नव्हता.

"देते की," ती म्हणायची. "दगड काय पळून चाललाय?"

दगड पळत नव्हता, पण गावाची जीभ धावत होती. डेसांकाला त्याच्या शेजारी झोपायचंच नाही, असा गावानं निकाल लावून टाकला. "चाळीस वर्षं झोपली ना," दुकानाच्या गल्ल्यावरून पेर्सिदा म्हणाली, "पुरे झालं असेल बिचारीला." व्हुकाशिननं हसून पाव घेतला. घरी आल्यावर लक्षात आलं, की उरलेले सुटे पैसे गल्ल्यावरच राहिले.

त्यात तिहोमिरनं भर घातली. "काका, मितरोव्हदानचा सण झाला की मी व्हिएन्नाला, मुलीकडे. हिवाळा तिकडेच. काकूंचा फोटो त्याआधी द्या. आणि त्यांनी त्यांच्या बाजूचे पैसे परत नेलेत, तेही आणा."

"परत नेले?"

"तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं तर," व्हुकाशिन म्हणाला. तो अधिकारी माणूस. त्याला ठाऊक नाही असं जगात काही असू शकत नव्हतं.

त्यानं बायकोला विचारलं नाही. नाक्यावर तो एक गोष्ट शिकला होता: विचारलं की माणूस खोटं बोलतो, नुसतं बघत राहिलं की सामान स्वतःच बोलायला लागतं. तो बघत राहिला.

आणि बघण्यासारखं बरंच होतं. पाहुणे आले की डेसांका पूर्वी तासभर कॉफी पुरवायची, घोट घोट घेत अख्ख्या गावाची उजळणी करायची. आता ती कप एका दमात रिकामा करायची आणि न्हाणीघरात गडप व्हायची. आतून दात घासल्याचा आवाज यायचा. भर दुपारी! 'स' म्हणताना तिच्या तोंडून बारीक शीळ निघायची. कोठीच्या फळीवर आयवारच्या, मिरचीच्या चटणीच्या, बरण्या नव्हत्या. भाजलेल्या लाल मिरचीचा तो वास तर शरदात महिनाभर अंगणात भरून राहिला होता, मग बरण्या गेल्या कुठे? कॉफी नाही, आयवार नाही, फोटो नाही, पैसे परत. दात घासणारी बाई कुणासाठी दात घासते? व्हुकाशिनला उत्तर नको होतं, पण उत्सुकता मात्र त्याला गप्प बसू देईना.

पितरांच्या शनिवारी, मेलेल्यांना घास वाढायच्या दिवशी, दोघं सकाळीच स्मशानभूमीत गेली. सगळं गाव तिथेच होतं. व्हुकाशिनच्या आईच्या, स्टानाच्या, कबरीजवळ डेसांकानं चादर अंथरली. गोड शिजवलेला गहू, भाजलेलं डुकराचं मांस, पाव, घरची राकिया दारू. खाण्याआधी तिनं पाठ फिरवली, तोंडाशी हात नेला, आणि कागदी रुमालाची एक नीट घडी करून ताटाशेजारी ठेवली. व्हुकाशिननं ती घडी पाहिली. त्याला बरं वाटलं. म्हणजे आईचा घास बांधून ठेवण्याइतकी माया अजून हिच्यात आहे तर.

खाऊन झाल्यावर डेसांका वाडगाभर गहू घेऊन पलीकडे तिच्या आईवडिलांच्या कबरीकडे गेली. इकडे व्हुकाशिननं आवरायला घेतलं. आईच्या दगडापाशी त्यानं कॉफीचा कप ठेवला, एक सिगारेट पेटवून ठेवली, कारण स्टाना शेवटपर्यंत ओढत होती, आणि शेजारी ती घडी ठेवली. थोडी वाइन ओतली. छातीवर क्रूसाची खूण केली.

घरी आल्यावर डेसांका पिशवी उलटी करून झटकू लागली.

"म्हाताऱ्या, माझा रुमाल कुठाय? कागदी. घडी घातलेला."

"आईला वाढला."

"काय वाढलंस?"

"तिचा घास. तूच बांधून ठेवला होतास ना?"

डेसांका मटकन खुर्चीत बसली. "त्यात माझे दात होते रे!"

व्हुकाशिननं तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. दात होते तिथेच होते. पुढचे दोन एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे, जसे लग्नाच्या दिवशी होते. पण नाही... त्यांनी हात किंचित सैल सोडला होता.

"हे नव्हेत. यांच्यावर चढवायचे, पारदर्शक. वाकडे दात हळूहळू सरळ करतात. नेगोतिन शहरातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेत. खाताना काढायचे, मग दात घासून परत घालायचे."

"कितीला?"

"अडीच हजार युरो."

व्हुकाशिननं खुर्ची पुढे ओढली. आवाज आपोआप नाक्यावरचा झाला. "कशाचे आहेत?"

"प्लास्टिकचे."

"आत काही? सोनं, चांदी?"

"काही नाही."

"वजन?"

"व्हुकाशिन! मी काय सीमा ओलांडतेय?"

"नुसतं विचारतोय. एवढ्या किमतीचं इतकं हलकं सामान माझ्या हातून कधी गेलं नाही."

"मीही तेच विचारलं. त्या म्हणाल्या, आजी, एक नाही, एकापाठोपाठ एक असे पुष्कळ साचे असतात, दर वेळी दात केसभर पुढे. पैसे प्लास्टिकचे नाहीत, तोंडाचा नकाशा काढून वाट आखून देण्याचे आहेत. एकरकमी नाही घेतले. आधी थोडे दिले, माझ्या बाजूचे, तिहोमिरकडून आणलेले. बाकी महिन्याच्या महिन्याला, व्याज नाही. या वर्षीचा आयवार व्हिएन्नात कमावणाऱ्या आपल्या गाववाल्यांना विकला."

"सगळा?"

"तुझ्यासाठी दोन बरण्या आहेत. पलंगाखाली."

आयवारचा छडा लागला होता. पण व्हुकाशिनला खरं विचारायचं होतं ते अजून घशातच होतं. तो टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला.

"म्हणजे... दगडावर यायचं नाही म्हणून पैसे परत नेले नाहीस?"

"दगडावर यायचंय म्हणूनच नेले, बैला!" डेसांका म्हणाली. "आपल्या लग्नाचा फोटो आठव. तुझी आई मागून म्हणाली, 'तोंड मीट गं, फोटो कायमचा असतो.' मी मिटलं. तेव्हापासून एका फोटोत उघडलं नाही. पोरींच्या लग्नात नाही, नातवाच्या बारशात नाही. आता ग्रॅनाइट म्हणजे किती वर्षं? शंभर? दोनशे? तेवढा वेळ ओठ आवळून उभी राहू?"

"आणि उभी माझ्याच शेजारी?"

"मग काय पेर्सिदाच्या?"

व्हुकाशिननं टोपी घातली. "साचा हरवला तर नवीन करून देतात?"

"त्याचे पैसे वेगळे."

"मग बसलीस काय? चल!"

एरवी व्हुकाशिन तिच्यापुढे कधीच चालत नसे, तो आज चालला. स्मशानभूमी रिकामी झाली होती. स्टानाच्या दगडापाशी कॉफी गार पडली होती, सिगारेट आपसूक जळून राख झाली होती, आणि घडी जशीच्या तशी होती. मेणबत्तीचा एक थेंब कोपऱ्यावर सांडला होता, आणि मुंग्या आत जाऊन, पाहणी करून, रिकाम्या हातानं परतत होत्या.

"आईनं हात लावला नाही," व्हुकाशिन म्हणाला.

"तिला ओळखता आलं नसेल."

नळावर डेसांकानं साचा धुतला. घालायच्या आत व्हुकाशिननं हात पुढे केला. "बघू." त्यानं तो उजेडाकडे धरला, बोटानं टिचकी मारली, कडेवरून नख फिरवलं, डोळ्याशी नेऊन त्यातून आपल्या दगडाकडे पाहिलं. टोपीतला अधिकारी जरासा वाकडा दिसला.

"सामान सोडा," तो म्हणाला आणि साचा परत दिला.

दातांवर बारीक टकटक झाली. डेसांका सासूच्या फोटोसमोर वाकली आणि तोंड भरून हसली. "बघा सासूबाई. तुम्हाला बसले नसते. माझ्या मापाचे आहेत."

दगडावरची स्टाना ओठ मिटून होती. तिलाही, व्हुकाशिनला आत्ताच आठवलं, पुढचा एक दात आडवा होता.

दुसऱ्या दिवशी तो तिहोमिरकडे गेला. थडग्यापुढे ग्रॅनाइटचं बाकडं बसवायला त्यानं आगाऊ पैसे दिले होते, ते काम त्यानं रद्द केलं. "ते पैसे दात करणारीला दे, आमच्या हिच्या नावानं. पुढच्या दोनतीन महिन्यांचे हप्ते निघतील. आणि फोटो यंदा नाही. पुढच्या वर्षी."

"काका, लोक म्हणतील..."

"लोकांना म्हणू दे. घाई केली तर दात ऐकत नाहीत, असं आहे ते." एवढं सांगून तो दारात घुटमळला. "एक विचारायचं होतं. माझं तोंड जरा बदलता येईल का? थोडं हसरं?"

"कोरलेलं खोडता येत नाही, काका. भर घालता येते. वर मिशी कोरून देऊ का?"

मिशीचा प्रस्ताव घेऊन व्हुकाशिन घरी आला. डेसांका कॉफी पीत होती, एका दमात.

"राहू दे तुझा तो नाक्यावरचा चेहरा," कप ठेवून ती म्हणाली. "मी कशाला हसतेय, ते लोकांना कळायला नको?"