कुंपणाआधीचा उठाव

सियाच्या प्रबंधाचे म्हणणे एका वाक्यात मावत होते: सोळाव्या शतकात इंग्लंडमधल्या जमीनदारांनी गावोगावच्या गायरानांना कुंपणे घालून मेंढ्या सोडल्या, आणि गाय चारायला जागा न उरलेले शेतकरी उठले. आधी कुंपण, मग उठाव. अर्थशास्त्राच्या पदवीसाठी तिने जुन्या न्यायालयीन नोंदींतून चाळीस गावांच्या तारखा जमवल्या होत्या. सोमवारी परीक्षकांपुढे त्या मांडायच्या होत्या. आज शनिवार होता.

नरेंद्र निवृत्त अभियंते. अमेरिकेतल्या हर्नडनच्या घरात नातीचा तक्ता तपासायला त्यांना वीस मिनिटे लागली.

"सात गावांत उठाव आधी आहे आणि कुंपण नंतर," ते म्हणाले. "या गावात कुंपण जून १५४८चं, उठाव फेब्रुवारी १५४८चा. कारण परिणामाच्या मागून येत नाही."

"आबा, मी डबल चेक केलंय!"

"म्हणूनच काळजी वाटते."

सियाचा चेहरा उतरला. ही सात गावे गाळणे म्हणजे लबाडी, आणि ठेवली तर निष्कर्ष लंगडा. नरेंद्रांनाही ते बोचले. पण नातीसाठी तर्क वाकवणे त्यांना जमणारे नव्हते.

तेवढ्यात सियाच्या आजी उत्तराबाई नरेंद्रांची जन्मपत्रिका घेऊन आल्या. पंचाहत्तरीच्या शांतीसाठी अल्फारेटाचे गुरुजी फोनवर थांबले होते.

"अहो, तुमचा जन्म एकावन्नचा. अठ्ठ्याहत्तर वजा केले की शके १८७३ येतं. इथे १८७२ लिहिलंय. पत्रिकाच चुकली का तुमची?"

"पत्रिकेतली तेवढी एकच गोष्ट बरोबर आहे. जन्म फेब्रुवारीतला, पाडव्याच्या आधीचा. तोवर जुनंच वर्ष चालू..."

नरेंद्र थांबले. त्यांनी तक्ता पुन्हा ओढून घेतला. सातपैकी सहा उठाव जानेवारी ते मार्चच्या मध्यापर्यंतचे होते.

"सिया, त्या काळी इंग्लंडात वर्ष कधी बदलायचं? अंदाज नको. शोध."

सियाने शोधले. एका विद्यापीठाच्या पानावर सापडले, मग खात्रीसाठी दुसऱ्या ठिकाणी. "ट्वेंटी-फिफ्थ मार्च! आबा, त्यांचा पाडवा मार्चमध्ये होता!"

म्हणजे नोंदीतला फेब्रुवारी १५४८ हा आजच्या हिशेबाने १५४९चा. कुंपणानंतर आठ महिन्यांनी. सहाही गावे एकेक करून जागेवर आली. सिया खुर्चीत मागे रेलली आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

"गुरुजी, नंतर फोन करते हं," उत्तराबाई म्हणाल्या. "इथे इंग्लंडात दंगल झालीय."

"सातवं गाव मात्र तसंच राहिलं," सिया म्हणाली. "सप्टेंबरचा उठाव, कुंपण पुढच्या वर्षीचं. नोंदीत लिहिलंय की लोकांनी जमीन मोजायला आलेल्या माणसाला झोडपलं."

"छान!"

"छान कसं?"

"चाळीसच्या चाळीस जुळली असती तर मी पुन्हा पहिल्यापासून तपासायला बसलो असतो. आणि मोजणीची दोरी दिसल्यावर पुढे काय येणार, हे त्या लोकांना कळत नव्हतं असं समजू नकोस. पण तो तुझा तर्क असेल, पुरावा नव्हे. तसंच लिही."

सियाने तळटीप लिहायला घेतली. नरेंद्रांनी गार झालेले पोहे पुढे ओढले आणि आज सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना भूक असल्याचे जाणवले.