जबड्यातले किडे

हातोदच्या मंडीमागे त्या वर्षी दर मंगळवारी तोबा गर्दी व्हायची. इंदूरच्या मिला बंद पडलेल्या, लोकांकडे वेळच वेळ, आणि तिथे एक बाबा दातातले जिवंत किडे काढून दाखवतो अशी बातमी.

जयसिंगराव माझ्याच मिलमधला, शेजारच्या मागावरचा. त्याचा उजवा जबडा सुजलेला. कामगार दवाखान्यात आतली गाठ दोनदा काढली, दोनदा परत आली. मग मिलबरोबर दवाखानाही सुटला. त्याच्या वडिलांनाही असंच झालं होतं. त्याची बायको इंदिरा त्याला बाबाकडे घेऊन गेली. मीही सोबत गेलो.

बाबा इंदुरी बोलीत म्हणाला, "भिया, तुमच्या पणजोबांनी लढाईत देवीची नथ उचलली. वही पाप कीडा बनके बैठा है."

त्याने पाण्याच्या थाळीत निखाऱ्यांची वाटी ठेवली, वर बिया टाकल्या, मडकं पालथं घातलं आणि धुराची नळी जयसिंगरावच्या तोंडात दिली. मडकं उचललं तर पाण्यात पांढरे किडे वळवळत होते. जयसिंगराव रडला. घरी येताना म्हणाला, हलकं वाटतंय. सूज वाढतच गेली.

शेवटी मी त्या दोघांना आणि त्यांच्या मुलीला दातांच्या डॉक्टर मैत्रीताईंकडे नेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि रस्त्याकडेची काटेरी भुईरिंगणी तोडून आणवली. तिच्या बिया निखाऱ्यावर टाकून मडकं पालथं घातलं. नळी नाही, कुणाचं तोंड नाही. तरी पाण्यात तेच किडे.

"बी तापून फुटतं, आतला पांढरा कोंब पाण्यात पडतो," त्या म्हणाल्या. "पाणी हललं की तो वळवळल्यासारखा दिसतो."

जयसिंगरावने थाळीतला एक कोंब चिमटीत धरून चुरगाळला. मग त्याने एक्सरे काढू दिला. जबडा आतून पोकळ झाला होता, हाडाची नुसती पापडी उरलेली.

मैत्रीताईंनी समजावलं की पेशींना 'आता वाढू नका' सांगणारा एक जीन असतो. तो या घराण्यात बिघडलेला असावा. म्हणून गाठी परत येतात. अशा माणसाला बिजलीचा शेक, म्हणजे किरणोपचार, देणं धोक्याचं. आणि हा बिघाड मुलांत उतरू शकतो.

"मग तो जीन दुरुस्त करा ना," इंदिरा म्हणाली.

"ते अजून कुणालाच येत नाही."

 इंदिराने मग मुलीला, प्रियंकाला, पुढे केलं. तिचा जबडा बाहेरून अगदी सुरेख. एक्सरेत मात्र दोन्हीकडे लहान गाठी दिसल्या.

जयसिंगरावचा अर्धा जबडा काढावा लागला. तो आता पातळ खिचडी खातो आणि फार बोलत नाही. मी पुढच्या मंगळवारी हातोदला जाऊन लोकांसमोर तेच मडकं मांडलं. त्यांनी बघितलं, म्हणाले तुझे किडे नकली, आणि बाबाच्या रांगेत लागले. मी मडकं उचलून घरी आलो.

प्रियंकाच्या गाठी वेळेवर निघाल्या. जबडा वाचला. दरवर्षी तिला तपासायला जावं लागतं, आणि दरवेळी आम्ही सगळे जीव मुठीत धरून बाहेर बसतो. डॉक्टरांनाही सगळं येत नाही. पण जे येत नाही ते मैत्रीताई तोंडावर सांगतात. तुमच्या घरात कुणाचा जबडा सुजला असेल तर आधी एक्सरे काढा, आणि मुलांनाही दाखवा.