अकराशे चाळीस वेढे

आयुष्याचा रंग हळूहळू बदलत जातो आणि एक रंग कुठे संपला, दुसरा कुठे सुरू झाला, हे माणसाला कधीच कळत नाही. असेलही. दोऱ्याच्या बाबतीत मात्र हे खरं नाही. तिथे प्रत्येक रंगबदलाला गाठ असते, आणि द्वारका चौकाजवळच्या दुकानात मोटर रिवाइंडिंग करणाऱ्या जीवन गायधनीच्या अंगठ्याला त्या सकाळी सातवी गाठ लागली होती.

"एवढ्याशा मालात सात जोड," तो समोरच्या गिऱ्हाइकाला म्हणाला. "असली तांब्याची तार मी दारात उभी करणार नाय."

गिऱ्हाईक म्हणजे दिंडोरीकडचे द्राक्षवाले फकिरा नाना. त्यांची मोटर तीन दिवस टेबलाखाली उघडी पडली होती आणि टेबलावरच्या वेढे घालायच्या मशीनवर सुती दोरा चढला होता.

"जीवनभाऊ, हा माझ्या मोटरचा माल का?"

"नाय. घरचं काम हाय."

"घरी बोअर मारलं का काय?"

जीवनने हँडल परत फिरवायला घेतलं. वेढे मोजणाऱ्या काट्यावर आकडा पडत होता आणि आकडा चालू असताना तो बोलत नसे. अकराशे चाळीस वेढे झाले तेव्हा त्याने हँडल थांबवलं. दोऱ्यावर दोरा कुठे चढला नव्हता.

दोरा त्याच्या बायकोचा, मनीषाचा होता. शाळेच्या कचेरीत बावीस वर्षं कारकुनी आणि त्या बावीस वर्षांच्या मधल्या सुट्टीत क्रोशाचं विणकाम, असा तिचा कारभार. पुण्याला असलेल्या लेकीसाठी, वैष्णवीसाठी, तिने स्टोल विणायला घेतला होता. एकाच गुंड्यात लोण्यासारख्या पिवळ्यापासून हळदी, नारिंगी, डाळिंबी करत जांभळ्यापर्यंत जाणारा दोरा. याचा फायदा असा, की रंग बदलताना दोरा तोडावा लागत नाही आणि शेवटी पन्नास टोकं लपवत बसावं लागत नाही. तोटा असा, की त्यात चार बारीक धागे पीळ न देता नुसते शेजारी झोपवलेले असतात. सुईला तीन सापडतात, चौथा बाहेर राहतो. उसवायला गेलं की चौघं चार दिशांना. मनीषा हे सगळं जेवताना सांगायची आणि जीवन "हं" म्हणायचा.

हळदी रंगापर्यंत स्टोल आला आणि गणपतीच्या आदल्या आठवड्यात तिला अर्धांगाचा झटका आला. जीभ आठ दिवसांत सुटली. उजवा हात सुटला नाही. पाच महिने झाले, ती तो हात मांडीवर ठेवून बसायची. कुणी पाहुणीने पर्स सांभाळायला दिलीय आणि पाहुणी परत आलेली नाही, असा.

त्या दिवशी सकाळी चहा पिताना ती म्हणाली, "भजनी मंडळाच्या विमलाबाईंना सांगितलंय. पाचला येतील. विणकामाची पिशवी नेतील. सुयापण."

"सुया राहू दे की."

"ठेवून काय करू? पूजा?"

जीवनने कप विसळला. मग ती आंघोळीला गेल्यावर पिशवीतून अर्धा स्टोल आणि गुंडा काढला आणि स्कूटरच्या डिकीत घातला. बिघडलेली वस्तू नीट करून समोर ठेवली की मालक ती घेऊन जातो, हा त्याचा एकतीस वर्षांचा अनुभव होता. गुंडा मनीषाने आतून उपसल्यामुळे पोकळ होऊन बसला होता. म्हणजे बिघाड स्पष्ट होता.

साडेचारला तो जेलरोडला घरी पोचला आणि दुरुस्त माल तिच्या पुढ्यात ठेवला. दोरा प्लास्टिकच्या रिळावर, कॉइलसारखा सरळ. त्याचं टोक स्टोलला जोडलेलं. जोडावर पिवळी स्लीव्ह, वायरच्या जोडावर चढवतात ती नळी.

मनीषाने डाव्या हाताने रीळ फिरवून बघितलं.

"तुम्ही दोरा तोडला?"

"तोडल्याशिवाय गुंडाळणार कसा? परत जोडला ना. बघ, ओढून बघ. निघणार नाय."

"आणि हळदीला जांभळा जोडला?"

"रंग बदलणाराच दोरा हाय ना?"

"अहो, हळूहळू बदलणारा!" मनीषाचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला. "हळदीनंतर नारिंगी येतो, मग डाळिंबी, जांभळा सगळ्यात शेवटी! तुम्ही तोडलेलं टोक आत घातलंत, शेवट वर आणलात. आख्खा उलटा झाला! आणि ही नळी कशाला? पोरीला गळ्यात शॉक बसेल म्हणून?"

पाच महिन्यांत ती एका दमात एवढं बोलली नव्हती. जीवनला बरं वाटलं, पण तो प्रसंग बरं वाटण्याचा नव्हता.

"परत उलटा गुंडाळून आणतो."

"आता दुकानात जाणार? पाच वाजत आले."

पाचला पाच कमी असताना विमलाबाई आल्या. भजनी मंडळात विणकाम शिकवायचा त्यांचा विचार होता. स्वतःला येत नव्हतं, पण विचार पक्का होता. त्यांनी पिशवी उचलून वजन बघितलं.

"बरंय बाई, मार्गी लागलं. आणि ते रिळावरचं काय आहे? तेपण द्या."

"हे असं कसं देऊ?" मनीषा म्हणाली. "लोक म्हणतील, हिला रंग कळत नाहीत."

"मग?"

"मग काय, ही नळी आधी काढायला पाहिजे. अहो, काढा ती. आणि सुई द्या इकडे."

जीवनने पिशवीतून सुई काढून तिच्या उजव्या हाताकडे नेली, थांबला, आणि डावीकडे दिली. मनीषाने ती घेतली. सुई टाक्यात गेली, दोरा पकडायला फिरली, आणि तिथेच थांबली. क्रोशाला दोन हात लागतात. एक सुईचा; दुसरा विणलेलं धरून दोरा ताणून ठेवणारा. हा दुसरा हात मांडीवर पर्स सांभाळत बसला होता.

विमलाबाईंनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

जीवन तिच्या उजवीकडे सोफ्यावर सरकला. स्टोलची कड चिमटीत धरली आणि दोरा तर्जनीवरून घेतला.

"घट्ट नको," मनीषा म्हणाली.

"माहितीये. घट्ट धरली की तार तुटते, सैल सोडली की मोटर थरथरते."

"मोटर नाही ही."

"तू ओढ."

तिने ओढला. चार धाग्यांतले तीन आले. तिने सोडला, परत ओढला. चारही आले. खांबाचा एक टाका उभा राहिला. वाकडा, डाव्या बाजूला कललेला, जांभळा. जीवनने बोट तसूभर ढिलं केलं. दुसरा खांब आला. एकतीस वर्षं तारेला किती ताण द्यायचा हे ठरवणारं ते बोट होतं, आणि मनीषाने त्याला फक्त दोनदा बोल लावला.

"हात घामेजलाय तुमचा."

"पंखा लावू?"

"हलू नका."

सात खांब झाले तेव्हा विमलाबाई दाराकडे वळल्या. "वहिनी, मी पिशवी नेऊ ना?"

मनीषाने मान वर केली नाही. "न्या. त्यातला पांढरा दोरा नवशिक्यांना द्या. एवढी एक सुई राहू दे."

पिशवी गेली. बावीस वर्षांची होती, दारातून जरा तिरकी करून न्यावी लागली.

त्यानंतर रोज दुकान बंद करून आल्यावर जीवन सोफ्याच्या उजव्या बाजूला बसायचा. मोटर रिवाइंडिंगचं दुकान साडेसहाला बंद होतं अशी द्वारकेला पहिल्यांदाच नोंद झाली. फकिरा नानांची मोटर अकराव्या दिवशी मिळाली. दोघांचं बोलणं फार होत नसे. "सोडा." "धरा." "गाठ आली." "येऊ दे." जांभळ्याचा डाळिंबी झाला, डाळिंबीचा नारिंगी. एखाद्या दिवशी एकच ओळ व्हायची, तीही दुसऱ्या दिवशी उसवायची. उजवा हात मांडीवरच होता. डॉक्टरांनी त्याच्याबद्दल नवीन काही सांगितलं नाही.

डाव्या हाताचे टाके सैल पडतात आणि सैल टाके दोरा जास्त खातात. रामनवमीच्या आत दोरा संपला. स्टोलचा गळ्याभोवती एक वेढा बसतो, दुसरा बसत नाही. वैष्णवीने फोनवर फोटो बघून खूप छान म्हटलं आणि पाठवू नका म्हटलं.

दुहेरी दुमडला की मिक्सर झाकायला बरोबर बसतो.