आतली कडी

"अहो, छताशी बोलून झालं असेल तर बाहेर या. सूनबाई खोळंबलीय."

बापू स्टुलावर उभे राहून बाथरूमच्या छतावरची काळी बुरशी घासत होते. बस डेपोत जन्मभर गाड्यांच्या वेळा नोंदवून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी आता स्वतःला ओल हटवण्याच्या कामावर रुजू करून घेतलं होतं. बाथरूमला पंखा नव्हता, वहीएवढी एक खिडकी होती. बापूंनी भिंती वायपरने निपटून पाहिल्या, कोपऱ्यात मिठाची वाटी ठेवली, ओले टॉवेल हद्दपार केले. मीठ विरघळलं, बुरशी राहिली.

तसं बुरशीचं त्यांना फारसं दुःख नव्हतं. पोटात दुखत होतं ते शेजारच्या घरामुळे. भिंतीला भिंत लागून थोरले बंधू राहत. तोच बिल्डर, त्याच फरश्या, तीच वहीएवढी खिडकी, आणि बाथरूम असं कोरडं की आत रद्दीचे गठ्ठे ठेवावेत.

"आपोआप वाळतं रे," दादा म्हणायचे.

शाळेतही दादांची गणितं अशीच आपोआप सुटायची, आणि रीत विचारली की पाटी पालथी व्हायची. वहिनी गेल्या, मुलगा परगावी स्थायिक झाला, दादा एकटे राहिले, तरी लपवाछपवीची खोड काही गेली नाही, असं बापूंचं ठाम मत होतं.

शेवटी एका सकाळी भिंतीपलीकडे पाण्याचा आवाज सुरू होताच बापूंनी अडीनडीसाठी ठेवलेली दादांची किल्ली उचलली. आज मुद्देमालासह पकडायचं.

घरात शिरले तर समोरच, बाथरूमच्या सताड उघड्या दारातून, अंगभर साबण लावलेले दादा दिसले.

"कोण?"

"मी. अरे, दार तरी लाव."

"खिडकी उघडी, दार उघडं. वाफ थांबतच नाही," दादा पाठ चोळत म्हणाले. "हीच रीत. मिळाली ना? आता जळणं बंद कर."

"पण असं दार टाकून आंघोळ?"

"लावू कुणासाठी?"

दादांनी डोक्यावर तांब्या ओतला. बापू किल्ली मुठीत धरून परत आले. जन्मात पहिल्यांदा दादांची रीत हाती लागली होती, आणि ती भरल्या घरात चालण्यासारखी नव्हती.

संध्याकाळी त्यांनी दादांना गाठलं. "उद्या तुझ्या बाजूला पाणी नाही म्हणे. टाकी धुताहेत. आंघोळीला आमच्याकडे ये."

सकाळी दादा आले. आत गेले, कडी लावली. थोड्या वेळाने बापूंच्या बायकोने दारावर थाप मारली. "अहो, झोपलात का आत? बाकीच्यांनी काय पारोसं जायचं?"

आतला पाण्याचा आवाज थांबला. मग दादांचा आवाज आला, "आलो, आलो."

बायकोने जीभ चावली. दादा मात्र सावकाश बाहेर आले. "काय रे हे दमट. आरशात तोंडसुद्धा दिसत नाही."

पण आरशावरची ती वाफ ते वळून वळून बघत होते. त्या नजरेतली जळजळ बापूंनी लगेच ओळखली. ती वर्षानुवर्षं त्यांच्याच वापरातली होती.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडे दादांची बादली भरून वाहत असल्याचं स्पष्ट ऐकू येत होतं. तेवढ्यात बेल वाजली. दारात खांद्यावर टॉवेल टाकून दादा उभे होते.

"आजही पाणी नाही," ते म्हणाले.

"टाकी मोठी आहे," बापू म्हणाले आणि बाजूला झाले.

आतून कडी लागल्याचा आवाज आला.