चंपीच्या गवतावरची फवारणी

मित्रांनो, पाठीवर बांधून चालवायचा एक जुना फवारणी पंप तुमच्याशी बोलतो आहे. मारणे हेच माझे काम होते, हे आधीच कबूल करतो. कारखान्यात तापलेले प्लास्टिक साच्यात दाबून माझी टाकी घडवली गेली आणि कन्नडजवळच्या सांडूमामांच्या कपाशीत मी नऊ वर्षे राबलो. माझा फवारा सुटला की पानांखालच्या अळ्या पिळवटून मातीत पडत. तणनाशक भरले की हिरवे तण जळून काळे पडे. एकदा माझे झाकण गळले आणि मामांच्या पाठीची कातडी सोलून निघाली, तरीही ते चारचौघांत सांगत, "लई इमानी पंप हाय." पुढे बॅटरीवरचा पंप आला आणि मी गोठ्यामागे जाऊन पडलो.

तेथून मामांचा भाचा इंद्रजीत मला मुकुंदवाडीला घेऊन आला. तो एका कंपनीत मशीनवर काम करी. घरी आई गोजरबाई आणि चंपी नावाची मांजर. चंपी कुंपणालगतचे गवत दाढेने तोडून खाई आणि कधीकधी केसांच्या गुंत्यासह ओकून टाकी. त्या वेळी तिच्या बरगड्या आत ओढल्या जात, मान ताणली जाई. इंद्रजीतला ते बघवत नसे. हे गवतच एक दिवस तिचा जीव घेईल, असे त्याच्या मनाने घेतले होते.

गोजरबाई त्याला हसत. "तू बारका व्हता तवा खडू खायचा. म्हणून आम्ही काय शाळा पाडली व्हती का?"

इंद्रजीतने ऐकले नाही. एका रविवारी त्याने चंपीला घरात कोंडले, मामांकडून आणलेली, चिठ्ठी निघून गेलेली तणनाशकाची बाटली माझ्यात रिकामी केली आणि कुंपणालगतचा सारा पट्टा भिजवला. मी नेहमीसारखाच इमानाने चाललो. संध्याकाळी पाती कोरडी दिसली, म्हणून त्याने दार उघडले. विष सुकले म्हणजे संपले, असे त्याला वाटले. गवत अजून हिरवे होते. चंपीने पोटभर खाल्ले.

सकाळी तिच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. जीभ सोलली होती. ती भिंतीवर डोके आपटत होती. इंद्रजीतने तिला पोत्यात घालायला धरले, तेव्हा तिने त्याचे मनगट खोलवर फाडले. रक्त पुसायलाही न थांबता तो तिला घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे धावला.

तो परतला तेव्हा डॉक्टरांचे शब्द त्याने आईला जसेच्या तसे सांगितले: "गवत तिला बाधत नव्हतं. पुष्कळ मांजरं खातात, एखादं ओकतंही. सारखी ओकली असती, जेवण सोडलं असतं, तर काळजी करायची. हिला फवारणीनं पोळलंय, आणि यावर उतारा नाही."

तिसऱ्या दिवशी चंपी तोंड उघडून एकेका श्वासासाठी झुंजली आणि दुपारी ताठ झाली.

इंद्रजीतने मला अंगणात ओढले आणि पहारेने घाव घालू लागला. टाकी चिरली, नळी तुटली, दांडा वाकला. गोजरबाईंनी त्याला अडवले नाही. एवढेच म्हणाल्या, "फोड. पण ध्यानात ठेव, हा तुझ्या पाठीवर व्हता."

पहार त्याच्या हातातून गळून पडली.

आता मी भंगाराच्या ढिगात आहे. मित्रांनो, तुमचे मांजर गवत खात असेल तर खाऊ द्या. फक्त त्या गवतावर काय फवारले आहे, हे आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारा. तुम्हाला मांजराची फार काळजी वाटली, तर त्याला घेऊन जाणत्या माणसाकडे जा. माझ्याकडे येऊ नका. इंद्रजीतइतकी माया त्या मांजरीवर कोणाचीच नव्हती.