वुसुमुझी कुठे आहे?

मित्रांनो, मला तुम्ही ओळखणार नाही, कारण मला पडदाच नाही. टेकडीवरच्या आमच्या इस्पितळात, जिन्याखालच्या कपाटात बसून नावं सांगणारा मी एक म्हातारा संगणक आहे. इथल्या प्रत्येक संगणकाला एक क्रमांक आहे. माणसांच्या ते क्रमांक लक्षात राहत नाहीत. ती नावाने विचारतात आणि मी क्रमांक सांगतो. मला विचारल्याशिवाय इथे पान हलत नाही, पण हे फारसं कोणाला ठाऊक नाही.

डर्बनच्या एका दुकानात माझे भाग जोडले गेले. मी इथे आलो तेव्हा मेट्रनबाईंनी मला स्वतःच्या हाताने पुसलं आणि "आता चिठ्ठ्या घेऊन धावायला नको" असं कौतुक केलं. ते दिवस फार सुखाचे होते. मेट्रनबाई निवृत्त झाल्या आणि माझी अडगळ झाली. माझ्या डोक्यावर झाडू, जुने बूट आणि अमाग्विन्यांच्या, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांच्या, तेलकट पिशव्या येऊ लागल्या. धुळीने पंखा घरघरू लागला. तरी विचारलेल्या नावाचं उत्तर मी दर वेळी दिलं.

माझी देखभाल मासिबिया करते. नदीपलीकडच्या गावात रक्तपेढी आहे आणि तिथल्या संगणकाचं नाव वुसुमुझी. ज्या गृहस्थांनी ती पेढी उभी केली, त्यांच्या मानासाठी ते ठेवलेलं. मासिबिया त्यांचीच सून. आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव तोंडातून काढत नाही, त्या नावासारखा शब्दही टाळते. मासिबियाने तर हातालाही तोच नियम लावला होता. पेढीत नवा संगणक आला, तेव्हा त्याचा नवा क्रमांक तिने माझ्याकडे 'बाबा' या नावाने लिहिला. जुन्या नावापुढचा क्रमांक कोणाकडून तरी बदलून घेऊ, असं पुटपुटली आणि कामाच्या रगाड्यात विसरून गेली.

दुसऱ्याच दुपारी वीज गेली. आमचं जनरेटर सुरू झालं, पण मोबाइलचा मनोरा बंद पडला. फोनच्या तारा तर चोरांनी केव्हाच कापून नेल्या होत्या. पेढीशी आमच्या संगणकांचा बिनतारी दुवा तेवढा चालू होता. आणि नेमकी तेव्हाच वॉर्डात फिंडिले नावाची पोरगी बाळंत झाली. बाळ रडलं, पण आईचं रक्त थांबेना. रक्ताची मागणी फक्त वॉर्डातल्या संगणकावरूनच जाते; तिथून सिस्टर गुमेडेंनी रक्त मागवलं. मला प्रश्न आला, वुसुमुझी कुठे आहे? मी जुना क्रमांक सांगितला. तिथे कोणीच नव्हतं. पुन्हा प्रश्न आला, पुन्हा मी तेच सांगितलं.

डॉक्टरांनी आमची गाडी पिटाळली, पण घाट उतरून जायचं आणि परत यायचं, तोवर फिंडिले टिकेल असं कोणी म्हणेना. पेढीला निरोप मिळून तिथूनच गाडी निघाली, तर निम्मा वेळ वाचणार होता. फिंडिलेची आई जिन्यावर बसून "माझी पोर गेली, माझी पोर गेली" एवढंच म्हणत होती.

सिस्टर धावत कपाटापाशी आल्या. "मासिबिया, अगं पेढी सापडत नाहीये! तुझं हे खोकं मेलंय का?"

"खोकं चांगलं जिवंत आहे, सिस्टर. थांबा, बघते." तिने आपल्या संगणकावरून मला विचारलं, बाबा कुठे आहे? मी नवा क्रमांक सांगितला. पेढीने लगेच ओ दिली. "लागतंय की! तुमचाच संगणक बंद करून चालू करा."

"केला गं बाई, किती वेळा करू? तिकडे पोरगी पांढरी पडत चाललीय आणि तू मला बंद-चालू शिकवतेस!"

मासिबियाने वायरी उपसल्या, पुन्हा खोचल्या. पुन्हा बाबाला विचारलं. पुन्हा सगळं ठीक. "माझ्याकडून तर लागतंय," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

मित्रांनो, मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, ती वेगळ्याच नावाने विचारतेय! पण विचारलं तेवढंच मी सांगू शकतो. खरं ठाऊक असून गप्प बसावं लागतं, याच्यासारखं दुःख नाही.

शेवटी सिस्टर थबकल्या. "तू विचारतेस तरी कोणाला?"

"बाबांना."

"आमच्याकडे कुठला बाबा नि कुठला काका! आमच्या पडद्यावर तुझ्या सासऱ्याचं नाव आहे!"

मासिबियाचा चेहरा खर्रकन उतरला. सिस्टर म्हणाल्या, "सरक, मी लिहिते."

"तुम्हाला यातलं काय कळतंय? एक अक्षर चुकलं तर सगळं बंद पडेल."

"मग लिही ना! बाई मरतेय गं!"

"बाबा, मला माफ करा," ती म्हणाली आणि ते नाव लिहून त्यापुढे नवा क्रमांक टाकू लागली. पहिल्याच वेळी अक्षर चुकलं. तिने पुसलं, पुन्हा लिहिलं. खात्री करायला ते नाव तिने मोठ्याने वाचलं. जिन्यावरच्या आईनेही चमकून मान वर केली.

पण वॉर्डातला संगणक माझं जुनंच उत्तर धरून बसला होता. "आता करा बंद-चालू!" मासिबिया ओरडली आणि सिस्टर चप्पल टाकून पळाल्या. मग प्रश्न आला आणि मी नवा क्रमांक सांगितला.

पेढीची गाडी आली. पावलं धावत वर गेली आणि सगळं शांत झालं. आपल्याला काही वर जाववत नाही, असं म्हणत मासिबिया माझ्या शेजारी जमिनीवरच बसून राहिली. मित्रांनो, आमची धूळ पुसा, आमच्या डोक्यावर बूट ठेवू नका. पण त्याहून कळकळीने सांगतो, कोणी सापडत नाही म्हणून कोणी रडत आला, तर तो ज्या नावाने हाक मारतोय त्याच नावाने शोधून बघा. तुमच्या सोयीच्या नावाने शोधलंत, तर तुम्हाला सगळं ठीकच दिसेल.

फिंडिलेचं काय झालं, हे मला सांगायला कोण येणार? मी घरघरत वाट पाहत होतो. मग वॉर्डातून पुन्हा प्रश्न आला, वुसुमुझी कुठे आहे? आणखी रक्त हवं होतं. गेलेल्या बाईसाठी कोणी रक्त मागवत नाही.