आधी कडी, मग पडदा

मी एक जुनी कडी आहे. नाटकगृहात बायकांचा रंगपट असतो, म्हणजे नट्या जिथे रंग लावतात, कपडे बदलतात ती खोली. तिच्या दाराला मी आतून बसवलेली. लोहाराने मला ठोकून सरळ केलं, तेव्हापासून वाकणं मला ठाऊक नाही.

मित्रांनो, माझं काम वीतभर, पण मान मोठा. आईच्या भूमिका करणाऱ्या आक्का मला लावून म्हणायच्या, "हुश्श! आता जरा सुटल्यासारखं वाटतं." मग पाय पसरून चहा प्यायच्या.

पुढे नवे दिग्दर्शक आले. सगळे त्यांना सर म्हणत आणि ते बोलतील त्याला मान डोलवत. ते म्हणाले, "नटाने लाज सोडली पाहिजे. माझ्या नाटकात बंद दारं चालणार नाहीत." लाज सोडायची ती फक्त बायकांनी, बरं का! सरांच्या स्वतःच्या खोलीला कुलूप होतं. मला काढायला बोलावलेला सुतार पुटपुटला, "साहेब, बायकांची खोली आहे ही."

"तुला विचारलं का?"

झालं. माझे स्क्रू निघाले आणि मी आरशाखालच्या खणात जाऊन पडले.

मग सर वाटेल तेव्हा आत येऊ लागले. नाटकात आक्कांच्या मुलीची भूमिका एका नव्या नटीला मिळाली होती, आयुष्यातली पहिलीच. ती दाराला खुर्ची लावून कपडे बदलायची. एका प्रयोगाआधी सरांनी खुर्चीसकट दार ढकललं आणि पोशाख नीट करायच्या निमित्ताने तिच्या अंगाला हात लावला. ती किंचाळली. बाहेर सगळ्यांनी ऐकलं आणि सगळे कानात बोळे घालून बसले.

"भूमिका हवीय ना? मग गप्प राहायचं," असं म्हणून सर निघून गेले. मी लोखंडाची, तरी संतापाने तापले.

तिसरी घंटा झाली. ती जागची हलली नाही. "आधी कडी, मग पडदा," ती म्हणाली. आक्का तिच्या शेजारी येऊन बसल्या. "लेक उठत नाही, तर आई कशाला उठेल?" पडदा उघडेना म्हणून प्रेक्षक टाळ्या पिटू लागले, तेव्हा कुठे सुताराला बोलावलं आणि मी पुन्हा दारावर चढले.

तो प्रयोग रंगला. पुढच्या प्रयोगाला मात्र तिच्या जागी दुसरी मुलगी होती. आक्कांना काढायची सरांची छाती नव्हती, हिला काढणं तेवढं जमलं त्यांना. सर अजून सरच आहेत. आणि लोक म्हणतात, "एवढ्याशा कडीसाठी केवढा तमाशा केला पोरीने!"

मित्रांनो, मला तेल घालू नका, पुसू नका. मी गंजले तरी चालेल. पण असं कोणी बोललं, तर खाली बघू नका. त्याला विचारा, "एवढीशीच होती, तर काढली कशाला?"